एकेक घोट

वर्ध्याहून अल्लीपूरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्याशेजारी बसली होती. वय साठीच्या पुढे, अंगावर सुती लुगडं, आणि मांडीवरच्या पिशवीला विमानतळाची पट्टी अजून चिकटलेली. मी पट्टीकडे बघतेय हे पाहून म्हणाली, "पोरापाशी जर्मनीले गेलती."

"काय काय पाहिलंत मावशी?"

"पाह्यलं कमी. बिअर पेली. ज्या गावाले गेलो, तिथल्या बिअरचा एक घोट."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. तिला त्याचं काही नव्हतं. बोलता बोलता ती पदराने ओठ तेवढे पुसायची, जणू आत्ताच प्यायली आहे.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरी गावोगाव चोरून भट्ट्या लागतात, आणि शेवटी गावच्या बायांनाच त्या फोडाव्या लागतात. ही त्या बायांची पुढारी निघाली. मोहाच्या दारूचे माठच्या माठ काठीने फोडले, पण थेंब कधी जिभेवर घेतला नव्हता. नवरा त्या दारूनेच गेला.

"मग तिकडे जाऊन काऊन प्यायलात?"

"इथं ओठाले लावली असती तं बाया काय म्हणाल्या असत्या? पण त्यानं ज्याच्यापायी आमाले सोडलं, ते लागते तरी कसं, हे मले पाहाचं होतं."

"मग? कसं लागलं?"

तिने पुन्हा पदराने ओठ पुसले.

"कडू. पिवळी पेली, काळी पेली, सगळी कडूच. अन् माह्या घरचा माणूस तं कारल्याची भाजी पाह्यली का ताट सरकवत होता, बाई."