काळी पाच

नौपाड्यातल्या आमच्या महिला भजनी मंडळात मी पेटी वाजवते. निवृत्त झाल्यावर शिकले, त्यामुळे हातापेक्षा रुबाब जास्त. मंडळ चालवतात आमच्या काकू. त्या नात्याने कोणाच्याच काकू नाहीत, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि आम्हा सगळ्यांना गायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांची पट्टी काळी पाच, म्हणजे चांगलीच उंच. "ज्या दिवशी काळी पाच झेपणार नाही, त्या दिवशी टाळ खाली ठेवीन," असं त्या दर दसऱ्याला सांगायच्या आणि आम्ही हसायचो.

गेल्या श्रावणात आमचं हसू थांबलं. वरच्या सुरावर काकूंचा आवाज चिरकायला लागला. त्यांनी गाणं सोडलं असतं तर मंगळवारची भजनाची दुपार मला खायला उठली असती. हे कोणाला बोलले नाही, उपाय मात्र शोधला. माझी पेटी स्केलचेंजर आहे. तिच्या पट्ट्या सरकवल्या की बोटं नेहमीच्या जागी राहतात आणि सूर खाली उतरतो. काकू यायच्या आधी मी ती काळी चारवर आणून ठेवू लागले. मोबाइलवरचा तानपुरा माझ्याच ताब्यात, आणि तबला वाजवणाऱ्या ताईंनाही सामील करून घेतलं. काकूंना दिसायची काळी पाच, वाजायची काळी चार. त्यांचा आवाज पुन्हा लागू लागला आणि मी स्वतःवरच खूश होते.

नवरात्रात डोंबिवलीच्या एका सभागृहात भजनस्पर्धा होती. फॉर्म मीच भरला आणि नियम काही शेवटपर्यंत वाचले नाहीत. विंगेत गेल्यावर कळलं, वेळ वाचावा म्हणून सगळ्या मंडळांनी स्टेजवरचीच पेटी वापरायची. ती निघाली साधी, पट्ट्या न सरकणारी. मी तावातावाने भांडले, पण तिथली स्वयंसेविका बिचारी शांतपणे नियमाचा कागद दाखवत राहिली.

स्टेजवर काकू माझ्या उजव्या हाताला बसल्या, माझी बोटं नीट दिसतील अशा. काळी पाच दिली तर पहिल्याच ओळीत त्यांचा आवाज फुटणार होता. काळी चार दिली तर त्यांना दिसणार होतं, आणि काकू शब्दाच्या पक्क्या. शेवटी त्यांच्याकडे न बघता मी काळी चार दाबली.

काकूंनी माझं बोट धरलं आणि शेजारच्या पांढरी पाचवर ठेवलं, आणखी अर्धा सूर खाली. माइकपासून तोंड वळवून हळूच म्हणाल्या, "इथे बरं पडेल. काळी चारलाही मी ओढतेच आहे गं, श्रावणापासून."

ताईंनी हातोडीने तबला उतरवून घेतला. त्यात आमची मिनिटं गेली आणि शेवटच्या गजराच्या मध्येच घंटा वाजली. बक्षीस मिळालं नाही. पण इतका मोकळा आवाज काकूंच्या गळ्यातून वर्षभरात ऐकला नव्हता. माझे डोळे सारखे भरून येत होते, दोनदा भलतीच पट्टी दाबली गेली.

परत येताना गाडीत मी विचारलं, कळलं होतं तर बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, एवढं चोरून, एवढ्या मायेने चाललं होतं तुमचं, मोडवेना. मला भयंकर लाज वाटली. आता गाणं सोडणार का, हे विचारायचा धीर झाला नाही. टाळ त्यांच्या मांडीवर होते आणि नौपाडा येईपर्यंत त्या दोरीवरून बोट फिरवत राहिल्या.

घरापाशी उतरताना त्यांनी ते टाळ माझ्या हातात दिले. मला त्यांचं दर दसऱ्याचं वाक्य आठवलं.

"मंगळवारी येताना यांची दोरी बदलून आण," त्या म्हणाल्या. "झिजलीय."