चोविसावं डोकं

बाई भित्र्या होत्या आणि हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. लिफ्टमध्ये एकट्या शिरायच्या नाहीत, कुत्रं दिसलं की रस्ता बदलायच्या, मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं की आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायच्या. पण सगळ्यांत मोठी धास्ती मूल हरवण्याची. म्हणून त्या सारखी डोकी मोजायच्या. मधल्या सुट्टीआधी, सुट्टीनंतर, नळावर जाऊन आल्यावर. पोरांनी त्यांचं नाव 'मोजणीबाई' पाडलं होतं. घरी नवराही सोडायचा नाही.

"अगं, जेवायला आपण दोघंच आहोत. मोजलंस ना नीट?"

"मोजलं. तुम्हाला दोन धरलं, म्हणून तीन झाले."

त्यांच्या वर्गात मुलं चोवीस आणि घरी बोलायच्या भाषा अकरा. कुणी वडिलांच्या नोकरीपायी आलेलं, कुणी पूर आल्यावर, कुणी लढाईतून जीव वाचवून. शाळेची भाषा अंगवळणी पडायला वर्ष तरी जायचं. तोवर गप्प बसायचं का? बाईंनी हातांची भाषा काढली. मूठ कानाशी म्हणजे ऐका. बोट डोळ्यांकडून फळ्याकडे म्हणजे बघा. दोन्ही तळवे खाली दाबत आणले म्हणजे गडबड नको, सावकाश. हजेरीचीही त्यांची एक तऱ्हा होती. प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेत 'मी आहे' म्हणायचं आणि बाईंनी ते पाठ करायचं. उच्चार चुकले की पोरं खिदळायची, मग बाई पुन्हा म्हणायच्या. सकाळ तिथपासून सुरू व्हायची.

तीन आठवड्यांपूर्वी एक मुलगी आली. आठ वर्षांची, केस कानापर्यंत कापलेले. सगळे तिला 'नवी' म्हणत. सोबत मावशी होती. दुसऱ्या एका मुलाच्या आईनं मध्ये उभं राहून मावशीचं बोलणं सांगितलं, "ती म्हणते, पोर आवाजाला घाबरते."

"मग आमचं जमेल," बाई म्हणाल्या. "मीपण घाबरते."

नवी दिवसभरात एकच शब्द बोलायची, हजेरीचा. तोही इतका हळू की बाईंना वाकून ऐकावा लागे.

त्या मंगळवारी दुसऱ्या तासाला आगीचा भोंगा वाजला. त्याची तालीम पुढच्या आठवड्यात होती; ती आधीच घेतायत असं समजून सुरुवातीला कुणालाच काही वाटलं नाही. मग जिन्यातून जळक्या रबराचा वास आला. बाईंनी दाराकडे बोट केलं, तळवे दोनदा खाली दाबले आणि रांग घेऊन मैदानात आल्या. शिकवल्याप्रमाणे त्या सगळ्यांत पुढे होत्या. वर्ग पूर्ण रिकामा झाला की नाही, हे बघायला मागे कुणीच नव्हतं.

मैदानात मोजलं. तेवीस. पुन्हा मोजलं, या वेळी खांद्याला हात लावून. तेवीस.

"मोजणीबाई चुकल्या!" लाल टोपीवाला एक मुलगा ओरडला आणि बाईंचा चेहरा बघून टोपी काढून उभा राहिला.

नवी नव्हती.

शेजारच्या वर्गाच्या बाईंना "यांच्याकडे बघा" एवढंच म्हणून बाई दाराकडे धावल्या. दारात शिपाईमामा आडवे उभे होते.

"बाई, आत जायचं नाही. शिक्षकांच्या खोलीत हीटरची वायर पेटलीय. बंबवाले निघालेत."

"मामा, एक मुलगी आत आहे."

"मी बघतो. तुम्ही थांबा."

"तुम्हाला ती कुठं बसते ते माहीत आहे का? तुम्ही हाक मारली तर ओ देईल का?"

मामांनी मागे वळून जिन्याकडे बघितलं. बाई त्यांच्या हाताखालून वाकून आत शिरल्या. लिफ्टला घाबरणारी बाई, मामा नंतर महिनाभर सांगत होते, पण उंदरासारखी शिरली.

वरच्या मजल्याच्या बोळात धूर छतालगत पसरला होता. भोंगा अजून कोकलत होता. बाईंनी मुलींचं स्वच्छतागृह बघितलं, मग वर्गात आल्या. बाकं रिकामी. नवीचं नाव घेऊन हाक मारली. उत्तर नाही. आणखी मोठ्यानं मारली. नाही. बाकांखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं. तिला कुणी उचलून नेलं? खिडकीतून पडली? खिडक्या बंद होत्या, तरी त्यांनी काचेला नाक लावून खाली बघितलं.

काचेत त्यांना स्वतःचेच हात दिसले. घाबरल्या की ते हात आपोआप खाली दाबले जायचे, स्वतःचीच समजूत काढल्यासारखे. खाली. पुन्हा खाली.

भोंगा वाजल्यावर त्यांनी नवीला हेच तर दाखवलं होतं. सावकाश, म्हणून. पण जिथून ती आली तिथं भोंगा वाजला की बाहेर पळत नसतील. खाली जात असतील. लपत असतील. आणि कुणीही, अगदी नाव घेऊन हाक मारली, तरी ओ देत नसतील.

मागच्या भिंतीला चित्रकलेच्या कागदांचं कपाट होतं. खालच्या खणातले कागद जमिनीवर नीट रचून ठेवले होते. पोरीनं जागा करतानाही पसारा केला नव्हता. खणाचं दार आतून ओढून घेतलेलं होतं.

बाईंचा हात कडीपर्यंत गेला आणि थांबला. ओढलं तर ती किंचाळेल, आणखी आत जाईल. घसा जळत होता. त्या जमिनीवर बसल्या, तोंड दाराजवळ नेलं आणि नवीच्या घरच्या भाषेत हजेरीचा तो एकच शब्द म्हणाल्या. मी आहे. उच्चार धड नव्हता. पुन्हा म्हणाल्या. मी आहे.

आत काहीच हललं नाही. मग दार चार बोटं उघडलं. नवीनं एका हातानं स्वतःचं तोंड गच्च दाबलेलं होतं. दुसरा हात तिनं बाहेर काढला.

आग मोठी नव्हतीच. बंबवाल्यांनी दहा मिनिटांत आवरलं. मोठ्या बाईंनी मात्र मैदानातच खडसावलं, "आत जायची तुम्हाला कुणी परवानगी दिली?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. नवी त्यांच्या कमरेला चिकटलेली होती. "मीच तिला लपायला सांगितलं होतं. माझ्या या हातांनी." आणि मग, पाणी न पिताच, त्या मोठ्या बाईंसमोर रडल्या.

त्या रात्री जेवताना नवऱ्यानं मोजण्यावरून विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर भोंगा काढला आणि हातांनीच विचारलं, हा वाजला की तुमच्याकडे काय करतात? एकजण बाकावर चढून छपराकडे बोट दाखवू लागला. त्यांच्याकडे भोंगा म्हणजे पूर. दोघी बाकाखाली शिरल्या. लाल टोपीवाला जागेवरच उभा राहिला, कुणाचा तरी हात धरल्यासारखा हवेत हात धरून, आणि "आजी" म्हणाला. नवी कपाटाकडे गेली. तीन वर्षं बाई असा वर्ग शिकवत होत्या आणि हे त्यांना कधी विचारायचं सुचलं नव्हतं.

तळवे दाबायची खूण त्यांनी त्या दिवशी मोडीत काढली. आता भोंगा म्हणजे पुढच्याचा हात धरायचा, आणि बाई सगळ्यांत शेवटी.

पुढच्या आठवड्यात तालीम झाली. आग नाही हे ठाऊक असूनही भोंगा वाजताच बाईंचे हात कापायला लागले. त्यांनी ते पदराआड लपवले. नवी रांगेच्या टोकाला होती. तिनं मागे बघितलं, बाईंचा एक हात ओढून काढला आणि धरला.

मैदानात मोजलं. चोवीस.

बाईंनी तरीही आणखी दोनदा मोजलं.