पेंटरला सवड नसलेले दिवस

मंदीला भिणारी माणसे खानदेशात हवी तेवढी सापडतील. तेजीला भिणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझा व्याही होता. जळगावात त्यांची डाळमिल होती आणि माझी मुलगी त्या घरची सून. त्यांच्याविषयी आज लग्नकार्यांतून जे किस्से रंगवले जातात, ते सांगणारे बहुतेक जण त्या वेळी तिथे नव्हते. मी होतो. म्हणून धुळ्यात बसून हे लिहिणे मला भाग आहे.

पहिला आरोप कंजूषपणाचा. तो साफ खोटा. हिवाळ्यात केळीच्या बागेत भरताची पार्टी द्यावी तर ती व्याह्यांनीच. तेलाला हात कधी आखडला नाही. मात्र ती पार्टी बाजार पडलेला असेल तेव्हाच होई. बाजार पडला की हे गृहस्थ एक भाकरी जास्त खात आणि बाजार चढला की भरल्या ताटावरून उठत. बाजार चढल्याचे त्यांना वर्तमानपत्रातून कळत नसे, दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडून कळे. सकाळी मिलकडे जाताना त्याच्या शिडीपाशी उभे राहून ते विचारीत, "सवड आहे का रे?" तो "बसूनच आहे, नाना" म्हणाला की यांचा चेहरा उजळे. "दिवाळीपर्यंत विचारूच नका" म्हणाला की यांचे हातपाय गार. मी एकदा हसलो, तेव्हा ते माझ्यावर उसळले, "अहो आबा, गावातला जो तो एकाच वेळी नवा बोर्ड लावतोय! सगळे एकदम हुशार झाले? की सगळ्यांना एकाच जागेवरून कुणी फसवतंय?"

फसवणारा कोण, याविषयी त्यांना शंका नव्हती. देशाच्या मध्यवर्ती बँकेला ते 'मोठा आचारी' म्हणत. पंगती वाढल्या की हा आचारी वरणात पाणी ओततो. पहिल्या पंगतीला, म्हणजे सरकारला आणि सरकारच्या सोयऱ्यांना, घट्ट वरण मिळते आणि शेवटच्या पंगतीला नुसते पिवळे पाणी. नोटा छापून व्याज उतरवणे म्हणजे हेच, असे त्यांचे म्हणणे. एका कर्जमेळाव्यात भर मंडपात उठून त्यांनी मंत्र्यांना विचारले होते, "हे वाटताय ते आधी साठवलं कुणी?" कार्यकर्त्यांना वाटले, म्हातारा कर्जवाटपात मागे राहिला म्हणून रागावला आहे. त्यांनी त्यांना हार घातला आणि म्हशीच्या कर्जाचा अर्ज हातात दिला.

आता किश्शांतल्या त्या खड्ड्याविषयी. कुणी म्हणते त्यांना घेरी आली, कुणी म्हणते त्यांचे माझ्या मुलीशी बिनसले होते. दोन्ही थापा. नव्वदनंतरच्या तेजीत व्याज उतरले, बँकेचा मॅनेजर स्वतः मिलवर येऊन चहा घेऊ लागला आणि माझ्या कर्तबगार जावयाने मिल आणि राहते घर तारण ठेवून दुसरी शेड बांधायचे ठरवले. भूमिपूजनाचा दिवस उजाडला. पायाचा खड्डा खणलेला, भटजी आलेले, पेढे आलेले. आणि व्याही, धोतर सावरीत, खड्ड्यात उतरून मांडी घालून बसले.

"नाना, वर या. लोक बघताहेत," जावई दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू दे. त्यांनीही खड्डेच खणलेत, फक्त त्यांना दिसत नाहीत."

"व्याज किती उतरलंय ते तरी बघा!"

"तेच बघून घाबरलोय. लोकांनी पोट मारून साठवलं म्हणून उतरलं का ते? हाई बठ्ठं पानी शे!" घाबरले की त्यांची अहिराणी बाहेर पडे. सगळे पाणी आहे, खाली डाळ नाही.

"आणि तुमचंच चुकलं तर?"

व्याह्यांनी धोतराचा सोगा मांडीखाली खोचला. त्यांना वर काढायला मी उतरलो. चार शब्द सुनवायची माझी तयारी होती. पण मी हात धरला, तो त्यांनी सोडलाच नाही. त्यांची भीती माझ्यातही उतरली. ज्या घरात माझी मुलगी नांदत होती, ते घरच तारण जात होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. काठावर भटजी घड्याळ पाहत राहिले आणि मुहूर्त टळला. दुसरा काढायला जावई गेलाच नाही. बापाशी बोलणे मात्र त्याने टाकले.

पुढे बाजार पडला असता तर गोष्ट सोपी होती. तो पडला नाही, चढतच गेला. शेजारच्यांच्या शेड उभ्या राहिल्या, दारात मोटारी आल्या. व्याही वाळत चालले. "आबा, मी पोराचं नशीब बुडवलं का हो?" हे त्यांनी मला इतक्यांदा विचारले की मी जळगावला जायला भिऊ लागलो. मग एका हंगामात व्याज चढले, बाजारातून मालाची उचल थांबली आणि शेजारच्या मिलची यंत्रे ट्रकवर चढताना आम्ही दोघा व्याह्यांनी फाटकातून पाहिली. पेंटर शिडी खांद्यावर घेऊन जाताना ओरडला, "नाना, आता सवडच सवड!" त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला नाही. जावई दोन कप चहा घेऊन आला, एक बापाच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन खड्ड्याच्या काठावर टेकला.

तेव्हापासून लोक म्हणू लागले, नानांना सगळे आधीच ठाऊक होते. हेही खोटे, आणि हे खोटे मला सर्वांत जास्त झोंबते. मी त्यांना सरळ विचारले होते. ते म्हणाले, "ठाऊक कुणाला असतं, आबा? मला ठाऊक आहे असं म्हटलं, तर माझ्यात आणि मोठ्या आचाऱ्यात फरक काय? मला नुसती भीती वाटली."

व्याही गेले. त्या खड्ड्यावर आता जावयाने साठवलेल्या पैशांतून बांधलेली लहानशी शेड आहे. परवा माझ्या धुळ्याच्या दुकानाचा बोर्ड फिका पडला म्हणून इथला पेंटर गाठला. तो शिडीवरून खालीही न पाहता म्हणाला, "आबा, दिवाळीपर्यंत विचारूच नका." रस्त्यावर सगळे खुशीत होते. मी दुकानाच्या पायरीवर बसलो, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.