बोलोन्यात आलेला भरताचा वास

मंडळी, या सदरातले अनुभव मी आजवर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत आणि हसत आलोय. अमळनेरला छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे कुणी असलं काही सांगायला लागलं की आधी पुरावा मागायची खोड. आज मीच लिहायला बसलोय, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त एक फुटलेलं वांगं आहे. हसायचं तर हसा...

आम्ही जळगावचे. शेत जामनेर रस्त्याला. बायको मंगल, माहेर दोंडाईचा. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला, आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. दूध करपलं तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, कदाचित नाही येणार.

तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. पण थंडीत आमच्या शेतात भरीत व्हायचं ते मंगलच्या नाकावर. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, आणि ही दहा पावलांवर पाठ करून कांद्याची पात चिरत बसलेली. मध्येच म्हणायची, "फिरवा." थोड्या वेळानं, "काढा." वळून बघायची गरजच नसायची. वास गेला आणि तिनं काड्यांना हात लावायचं सोडलं. आमची सून कविता म्हणाली, "आई, मी करून बघते," तर "राहू दे" म्हणून विषय बंद. दोन हिवाळे घरात भरीत नाही. जळगावात! जेवताना ती ठेच्याचा गोळा मोठा मोठा करत चालली, कारण म्हणे तिखट तेवढंच कळतं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलानं आणि कवितानं आम्हा दोघांची इटलीची तिकिटं काढली. मंगल म्हणाली, "मला माती काय नि मिठाई काय, तिथं जाऊन खायचंय काय?" तरी आली. गेल्या जानेवारीतली गोष्ट.

रोममध्ये दोन हजार वर्षांच्या घुमटाखाली मी आ वासून उभा, आणि ही विचारतेय की इथं बसायला कुठं आहे. दुपारी पिझ्झा आला, तर पर्समधून डबी काढून त्यावर ठेचा फासला. वेटर बघतच राहिला. फ्लॉरेन्सला मी हौसेनं आइस्क्रीम घेऊन दिलं. पिस्त्याचं, ताजं. कसं आहे विचारलं तर म्हणाली, "गार आहे." मला एकदम भरून आलं. एवढ्या लांब आणून मी हिला काय दिलं, फक्त गार?

तिसरं शहर बोलोन्या. सगळे फुटपाथ कमानींखालून जातात, मैलभर चाललात तरी डोक्यावर छत. बाजारामागच्या गल्लीत एका काचेआड बाई हातभर लांब लाटण्यानं पिठाची पोळी लाटत होती, धोतरासारखी पातळ. मंगल थांबून म्हणाली, "हिला खापरावरचे मांडे जमतील." कुठल्यातरी चर्चमध्ये एकचा टोला पडला... आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कोनी तरी वांगा भाजी ऱ्हायनं."

दचकली की ती दोंडाईच्याची भाषा बोलते; कोणीतरी वांगी भाजतंय, म्हणत होती. मी म्हटलं, "इथं? मंगल, तुला वास—" पण ती चालायलाही लागली होती. नाक वर, नजर कुठंच नाही. मी मागून धावतोय. एक वळण, दुसरं, तिसरं, आणि एका बंद लाकडी दारापुढं उभी राहिली.

"काड्या वल्ल्या शेतस," ती म्हणाली. "ओल्या काड्यांचा धूर, कडू आहे. आणि एका वांग्याला टोचे मारायचे राहिलेत... फुटलं बघा ते."

मी छाती भरून श्वास घेतला. चीज, कॉफी, ओला दगड. धुराचा पत्ता नाही. शेजारच्या दुकानदाराला खाणाखुणा करून विचारलं, तर ते पुस्तकांचं गोदाम निघालं, कित्येक दिवस बंद. वळून बघतो तर मंगल माझ्या कोटाला नाक लावून उभी. "अहो, याला डांबरगोळ्यांचा वास येतोय." मग चीजच्या दुकानात शिरली. "शी, हे तर मोज्यासारखं!" असं म्हणून भर दुकानात हसतही होती आणि रडतही होती. मीही रडलो, सांगायला लाज नाही.

बाहेर बाकावर बसून लगेच कविताला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच-पावणेसहा. तिच्यामागे आमच्या शेतातली विहीर दिसत होती. मंगलनं कशी आहेस वगैरे काही नाही, सरळ विचारलं, "अगं, वांग्यांना आधी टोचे मारायचे असतात ना?"

कवितानं आधी मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं, आई? इथं मी एकटीच आहे."

आम्ही परत यायच्या आत तिला भरीत शिकायचं होतं, म्हणून गुपचूप शेतात आली होती. काड्या पाटाच्या पाण्यानं ओल्या निघाल्या, हे तिनं आपणहून सांगितलं. "एक वांगं फुटलं, मग मी इथंच रडत बसले. वाटलं, या घरात आता भरीत होणारच नाही... तेही कळलं का तुम्हाला?"

"नाही गं," मंगल म्हणाली. "रडण्याचा वास येत नाही. आला असता तर त्या दारातूनच जळगावला निघाले असते."

डॉक्टर म्हणतात, गेलेला वास असा अचानक येतो, आणि आधी बऱ्याचदा जळकाच येतो, नसलेला. मान्य. मग ओल्या काड्या? फुटलेलं वांगं? ते म्हणाले, योगायोग. वर्गात उत्तर येत नसलं की मीही हाच शब्द वापरायचो.

परत आल्यावर दुसऱ्या रविवारी शेतात जाळ केला. मंगल पाठ करून पात चिरत बसली. कविता वांग्यांपाशी, आवाजाची वाट बघत. मंगल काहीच बोलेना. शेवटी कवितानं विचारलं, "आई, काढू?"

"तुझं नाक काय म्हणतं?"

कविता थांबली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "काढते." मंगलनं वळूनही बघितलं नाही, नुसती मान हलवली. मी दोघींच्या मधे उभा राहून जोरात श्वास घेतला. मला फक्त धूर आला.