बाभळीवरचा फोटो

मी वाघाला घाबरत नाही, कारण वाघ मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या दिवाळीत पुसदहून सासुरवाडीला, वणीकडच्या एका खेड्यात गेलो, तेव्हा माझ्या गळ्यात रीळवाला प्लास्टिकचा कॅमेरा होता. (मोबाइलवर कुणीही फोटो काढतो, जावयाने काहीतरी वेगळं करावं.) साळा गजू म्हणाला, "दाखवा बरं भाऊजी, कसा आला माहा फोटो?"

"रीळ धुतल्यावर दिसेल."

सासूबाईंनी कॅमेरा हातात तोलून पाहिला. "आमच्या लग्नातबी रीळवालाच होता. पण तो कॅमेऱ्यासारखा दिसे."

संध्याकाळी गजू, माझी बायको वंदना आणि मी शेतावर निघालो. वाटेत गजू म्हणाला, "मांगच्या हप्त्यात वाघानं गोऱ्हा मारला. त्या नाल्याच्या पल्याड." हे त्याने बाजारभाव सांगावा तसं सांगितलं! जावई असल्यामुळे मी नुसतं "अरे वा" म्हणालो.

गजू काहीतरी चालू करायला धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे गेला. तेवढ्यात तुरीपलीकडे रोही, म्हणजे नीलगाय दिसली. प्लास्टिकच्या कॅमेऱ्यातून दूरचं जवळ दिसत नाही, आपल्यालाच जवळ जावं लागतं. डोक्याइतक्या उंच तुरीत शिरलो. दहा पावलं गेलो असेन, आणि अगदी कानाशी डरकाळी फुटली.

खरं सांगतो, मी मेलो असंच मला वाटलं. मी पळत सुटलो. मागून वंदना ओरडली, "अहो, थांबा!" पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. कॅमेऱ्याची दोरी तुटली, एक चप्पल तुरीत राहिली आणि मी समोरच्या झाडावर चढलो. ते झाड बाभळीचं आहे, हे मला वर गेल्यावर कळलं.

गजू धावत आला. "भाऊजी, वाघ नाही तो! डुकरं हाकलाचा भोंगा हाय. बॅटरीवर चालते."

"नक्की?"

"मीच चालू केला ना आत्ता. उतरा."

मी एक पाय खाली सोडला. भोंग्याने पुन्हा डरकाळी फोडली. (तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप वाजतो.) आता सगळं माहीत असूनही मी आणखी वर गेलो.

वंदना खाली येऊन उभी राहिली. तिच्या हातात माझा कॅमेरा होता. "मले सोडून पळाले ना?"

"मदत आणायला निघालो होतो."

"बाभळीवरून?" ती म्हणाली, आणि तिने फोटो काढला.

नागपूरहून रीळ धुऊन आलं. मी काढलेले सगळे फोटो हललेले होते. एकच स्वच्छ निघाला: हातापायांनी बाभळीला मिठी, डोळे गच्च मिटलेले. वंदनाचा हात जरासुद्धा हलला नव्हता.

सासूबाईंनी तो मढवून बैठकीत लावला आहे. पाहुणे विचारतात, "हे कोन व्हय?"

"आमचे जवाई," त्या कौतुकाने सांगतात. "वाघाच्या तावडीतून सुटले."

मी शेजारीच चहा पीत बसलेला असतो. खरं काय ते सांगायला हिंमत लागते, आणि माझी हिंमत तर भिंतीवरच टांगलेली आहे.