आते कन्याकुमारीला निघाली तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात मला माझ्या आतेचा हेवा वाटला. हे लिहायला थोडं जड जातंय, कारण आते बासष्ट वर्षांची आहे आणि तोवर तिने पाहिलेलं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे कुणकेश्वरची जत्रा.

आते म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहते. गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. ते काम संपलं आणि शेजारच्या बाईंशी तिची जोडी जमली. बाई ख्रिश्चन, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, मुलं गोव्याला. मे महिन्यात या दोघी सकाळी ऊन चढायच्या आत समुद्रावर जायच्या आणि लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात नुसत्या उभ्या राहायच्या. दुपारी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, माटवाच्या (मांडवाच्या) सावलीत, फणसाचे गरे खात शाळेचा जुना नकाशा उघडायचा. चिकट बोटं लागू नयेत म्हणून गावं आठळीच्या टोकाने दाखवायची.

बाईंनी ठरवलं होतं, दर उन्हाळ्याला एक जागा. गुडघे चालतायत तोवर लांबच्या जागा, मग जवळच्या. पहिली कन्याकुमारी, आतेच्या हट्टासाठी.

"आमचो सूर्य दर्यात बुडता, तो जन्मभर बगलंय," आते म्हणायची. "थंय म्हणे दर्यातसून वर येता. तां एकदा बगूक होया."

मी पडवीत पुस्तक उघडून बसलेली असायचे. माझा शेवटचा पेपर मेच्या अखेरीला होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी पुस्तक उघडलं की सगळे हळू बोलतात. आणि हळू बोललेलं जास्त ऐकू येतं.

वर्षाच्या सुरुवातीला आमच्या वर्गाची सहल दक्षिणेत गेली होती. मी नाव दिलं नव्हतं. घरी विचारलंच नाही. आपल्या घरातलं कोणी असं फिरायला जात नाही, असं मी मनाशीच धरून चालले होते. आणि आता आठळीने नकाशावर रेघ ओढणारी आते समोर बसली होती. तिला कोणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं. तिने बाबांना फक्त सांगितलं.

तिकिटं मीच काढली. "तूच काढ गो, तू शिकलेली," आते म्हणाली. मी फोनवर दोघींची नावं भरली, वयं भरली. बाई मागून म्हणाल्या, "दोघींना खालची जागा मिळते का बघ हं." तुलाही यायचंय का, असं कोणी म्हटलं नाही. पेपरमुळे मला नाहीच म्हणावं लागलं असतं. ते 'नाही' मी तयार ठेवलं होतं, पण विचारायला तर हवं ना.

मग आतेने माझी बॅग मागितली, कॉलेजची, पाठीवरची. "माका पिशव्यो धरूक नको. हात मोकळे होये." मी वह्या काढून बॅग दिली.

निघायच्या दिवशी बाबांनी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. कसालला जाणारी एसटी दहाला यायची, कसालहून पुढे कुडाळ स्टेशन. आतेने उंबरा ओलांडला. नवी साडी, पाठीवर माझी निळी बॅग. बाई बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकात, छत्री घेऊन उभ्या होत्या. मी पडवीतून बाहेर आले आणि माझ्या तोंडून गेलं,

"आते, खंय चल्लंस?"

आमच्याकडे निघालेल्या माणसाला 'खंय', कुठे, असं विचारत नाहीत. त्याने नाट लागतो, काम अडतं. हे चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं.

"जीब जळली तुजी!" आई आतून ओरडली. "कॉलेजात ह्याच शिकवतत?"

आते वळली, आत आली, पाटावर बसली. नाट लागला की परत आत येऊन, बसून, पाणी पिऊन मगच निघायचं. बाईही येऊन पायरीवर टेकल्या. "आमच्यात नसतं हे," म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या मागून घेतला.

तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली, गेली.

आतेने पेला खाली ठेवला. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "देवाच्या मनात नाय. फुडल्या वर्षी बगूया."

त्या क्षणी मला बरं वाटलं. फार थोडा वेळ, पण वाटलं. मग मी तिचे हात पाहिले. बॅगेचे दोन्ही पट्टे तिने घट्ट धरून ठेवले होते. ऱ्हवांदे म्हणत होती, पण बॅग उतरवत नव्हती.

मी चप्पल न घालताच वाडीतल्या रिक्षावाल्याकडे धावले. तो सकाळची पेज घ्यायला बसत होता. मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण तो निघाला. परत आले तेव्हा आते तशीच बसलेली.

"आते, ऊठ. माज्या तोंडातसून गेला ना, मीच फुडे होवन सोडूक येतंय."

कसालपर्यंत मी रिक्षात पुढे, रिक्षावाल्याच्या बाजूला अर्धी टेकून बसले. मागून आते म्हणाली, "मुद्दाम इचारलंस?"

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "ठावक नाय."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. कसालला गाडी मिळाली, कुडाळलाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या फोनवरून आतेचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर अर्धं तिचं बोट आणि अर्धं राखाडी आभाळ.

"ढग आसत गो! सूर्य दिसाक नाय. आमी आणखी एक दिस ऱ्हवतलो!" तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं काहीच नव्हतं. मागे लाटांचा आवाज, बाईंचं हसणं. मला पुन्हा हेवा वाटला, पहिल्यासारखाच.

"येताना तुका काय हाडू?" तिने विचारलं.

"माजी बॅग तेवढी हाड."

"ती आता माजी," आते म्हणाली. "फुडल्या उन्हाळ्याक लागतली. तू दुसरी घे."

पेपरला मी आतेची कापडी पिशवी घेऊन गेले.