पंगतीतलं रिकामं पान

"हे वाक्य सोडून द्या, मॅडम," गावंडे साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले. "एवढं एकच. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले होते. समोर मार्था बाई वही उघडून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर सादिकभाई उभे होते. त्यांचं बोलून झालं होतं आणि त्यांनी हाताची घडी घातली होती. शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली बसलेलं सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

मी दुभाषी आहे. यवतमाळला राहते. माहेर दारव्ह्याचं, त्यामुळे वऱ्हाडी घरची आणि इंग्रजी पोटापाण्याची. समोरचा माणूस दोन-चार वाक्यं बोलून थांबतो, मग मी बोलते. याला आमच्यात कॉन्सेक्युटिव्ह म्हणतात. नियम दोनच. जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि अवघड वाटलं म्हणून काही गाळायचं नाही. आणि बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'तो असं म्हणतो' ही पळवाट चालत नाही. या नियमापायी मी कोर्टात मारामारीचे आरोप नाकारले आहेत आणि एका जिनिंग मालकाच्या वतीनं मशीन विकणाऱ्या परदेशी माणसाला तोंडावर लबाड म्हटलं आहे. दोन्ही वेळा माझा आवाज हलला नव्हता.

गाव ढाणकीहून आत, जीपनं जायचं. कपाशी, सोयाबीन, तूर. जगातल्या देशांनी मिळून हवामानाचा करार केलेला आहे, हे आपण बातम्यांत ऐकतो. धूर कमी करायचा, असं सगळ्यांनी कबूल केलं. त्यातच दुसरी एक गोष्ट आहे. हवामान बिघडलंच आहे, तर त्यात गरीब देशांना तग धरता यावा म्हणून कामं करायची. त्याला अॅडॅप्टेशन म्हणतात. त्यासाठीच्या एका निधीतून या गावाच्या नाल्यावर दोन बंधारे झाले होते. तिसरा राहिला होता. तो खालच्या वस्तीसाठी होता. तिथली विहीर होळीच्या आधीच तळ दाखवते आणि मग बाया वरच्या आळीतून पाणी वाहतात. मार्था बाई त्या निधीच्या वतीनं आल्या होत्या. त्यांनी बरं लिहिलं तर तिसरा बंधारा होणार, नाहीतर फाईल बंद. गावंडे साहेब त्या प्रकल्पाचे समन्वयक.

दिवसाची सुरुवातच धुरानं झाली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा शाळेमागं आहाळ, म्हणजे गोवऱ्या रचून केलेला जाळ, पेटलेली होती. पाहुण्यांसाठी रोडगे. बाहेरच्यांसाठी सांगते, रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, आणि तूप, वरण, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. आमच्याकडे यापुढे पुरणपोळीही गप्प बसते.

गावंडे साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, हवामानवाल्या बाईसमोर गोवऱ्यांचा धूर? गॅसवर पुऱ्या करा."

"पाहुण्याले पुऱ्या?" सुशीलाकाकूंनी विचारलं. त्या खालच्या वस्तीतल्या, तिथल्या बायांच्या पुढारी. आहाळ त्यांच्याच ताब्यात होती. "साहेब, हा पाहुनचार हाय का पोलीस भरतीचं जेवन?"

पुऱ्या झाल्या नाहीत. धूर मात्र वाऱ्याबरोबर बैठकीतच येत राहिला. मार्था बाई दोनदा खोकल्या. वास छान आहे म्हणाल्या. मी ते सांगितलं आणि बाया खुश झाल्या.

बैठक ठरल्याप्रमाणे चालली होती. गावंडे साहेबांनी लोकांना आधी शिकवून ठेवलं होतं. बंधाऱ्यामुळे फायदा झाला का? झाला. पाणी वाढलं का? वाढलं. मला तर कंटाळा यायला लागला होता. मग मार्था बाईंनी कागदावर नसलेला प्रश्न विचारला.

"एक फार मोठा देश या करारातून बाहेर पडलाय. तुमच्या देशानं आत राहावं, असं तुम्हांला वाटतं का?"

गावंडे साहेबांनी हे शिकवलं नव्हतं. मग मागून सादिकभाई उठले. ट्रॅक्टर आणि मोटरपंप दुरुस्त करणारा माणूस, वरच्या आळीला थोडी जमीन, आणि गावात त्यांच्या हाताला आणि तोंडाला दोन्हींना मान.

"मी म्हणतो, आपनही भाईर पडावं," सादिकभाई म्हणाले. "ज्यानं सगळ्यात जास्त धूर केला थो उठून गेला. मंग आपन कायले अंग चोरून बसून राह्यलो? आमच्या पोराईनं अजून कारखाना पाह्यला नाही, अन् आमीच धूर कमी करा?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. मार्था बाईंनी लिहून घेतलं.

"तुह्या विहिरीले पानी आलं म्हनून बोलून राह्यला तू," सुशीलाकाकू आहाळीकडून तशाच राखेच्या हातांनी पुढे आल्या. "भाईर पडलो तर आमचा बंधारा कोन बांधते? करारात हाय म्हनून तर या बाई आल्या."

"काकू, बंधाऱ्यासाठी खोटं बोलू का?"

"खोटं नको बोलू. पन आज गप बस."

बैठकीचे दोन तट पडले. मागची पोरं सादिकभाईंच्या बाजूनं, खालची वस्ती काकूंच्या. एक म्हणे, देशाचा स्वाभिमान. दुसरा म्हणे, आत बसूनच हक्कानं मागता येतं. इतकी चांगली चर्चा मी शहरातल्या एसी हॉलमध्येही ऐकली नव्हती. माझी मात्र दमछाक झाली. एकाच वेळी चौघं बोलतात तेव्हा 'मी' म्हणायचं तरी कोणाच्या वतीनं?

मग सादिकभाई थेट मार्था बाईंकडे वळले.

"बाई, सकाळपासून आमच्या गोवऱ्याईच्या धुरावरून साहेब घाबरून राह्यले. तुमी इथी विमानानं आल्या. आमच्या रोडग्याचा हिशोब तुमी करान, तुमच्या विमानाचा कोन करते?"

हेच ते वाक्य. हेच गाळा म्हणून गावंडे साहेब हात जोडत होते.

मी त्यांच्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हे तो. वर्षभर त्या बंधाऱ्यासाठी यवतमाळ ते मुंबई खेटे घातले होते. पण मी जर आज एक वाक्य गाळलं, तर आधीच्या कुठल्याच वाक्याला किंमत उरत नाही. मी मार्था बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, "बाई, सकाळपासून आमच्या गोवऱ्यांच्या धुरावरून साहेब घाबरलेत. तुम्ही इथं विमानानं आलात. आमच्या रोडग्यांचा हिशोब तुम्ही कराल, तुमच्या विमानाचा कोण करतं?"

मार्था बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच गावंडे साहेब उभे राहिले. "बस झालं, सादिकभाई. पाहुण्यांशी असं बोलतात का? खाली बसा."

"बोलायचं नव्हतं तर मले बोलावलं कायले मंग?" सादिकभाई म्हणाले. खांद्यावरचा रुमाल झटकला आणि आपल्या शेडकडे चालायला लागले.

बैठक संपल्यातच जमा होती. सुशीलाकाकू आहाळीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, गेला बंधारा. मलाही तसंच वाटलं. मी माझं काम बरोबर केलं होतं, तरी काकूंकडे बघायचं मी टाळलं.

जेवणं शाळेच्या व्हरांड्यात होती. पत्रावळी मांडल्या. रोडगे फोडून वाढले, वर तुपाची धार, वरण, भाजी. मार्था बाई माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. सगळ्यांची पानं भरली, पण एकही हात पुढे आला नाही. आमच्यासमोरच्या ओळीत एक पत्रावळ नुसतीच होती. तिच्यावर पाण्याचा पेला उपडा ठेवला होता.

"सुरू करा, सुरू करा," गावंडे साहेब म्हणाले. "मॅडमना पुढं जायचंय."

कोणी हललं नाही. मार्था बाईंनी हळूच मला विचारलं, काय चाललंय?

मी काकूंना विचारून त्यांना समजावलं. या गावाची रीत अशी की, बैठकीतून कोणी रुसून उठला तर त्याचं पान मांडायचं. त्याला आणल्याशिवाय पंगत घास घेत नाही. कोण बरोबर, कोण चूक, हे जेवल्यावर. आधी माणूस आणायचा. रुसलेल्याला एक गोष्ट मागायचा हक्क असतो. ती जमली की तो येतो.

सुशीलाकाकू एकदा जाऊन हात हलवत परत आल्या. "नाई म्हनते. म्हनते, ज्या बाईसंगं बोलता बोलता उठलो, त्यायनं यावं."

"आणि तो आलाच नाही तर?" मार्था बाईंनी काकूंना विचारलं.

"येते," काकू म्हणाल्या. "एवढी मानसं उपाशी बसली हायत, हे त्याले मालूम हाय ना."

मार्था बाई उठल्या. गावंडे साहेब मध्ये पडले, "मॅडम, तुम्ही कशाला, मी बघतो." मी त्याचंही भाषांतर केलं. त्या थांबल्या नाहीत. मग मलाही उठावं लागलं, तुपाकडे बघत.

सादिकभाई शेडमध्ये पंपाची मोटर उघडून बसले होते. त्यांनी मार्था बाईंसाठी स्टूल पुसलं. मग पुन्हा स्क्रू फिरवायला लागले.

"तुमचा प्रश्न बरोबर आहे," मार्था बाई म्हणाल्या. मीही 'मी' म्हणून तेच म्हणाले. "विमानाचा हिशोब नीट कोणीच करत नाही. माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण मला राग आलेला नाही. जेवायला चला."

सादिकभाईंनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मी एक उठलो तर तुमी उन्हात मले बोलवायले आल्या. थो मोठा देश उठला, तवा त्याच्या दारी कोन गेलं?"

मी सांगितलं. मार्था बाई पुसलेल्या स्टुलावर बसल्या.

"आम्ही निवेदन काढलं," त्या म्हणाल्या. "मग जेवायला बसलो."

हे वऱ्हाडीत सांगताना मला हसू आलं, पण दुभाष्यानं हसायचं नसतं. सादिकभाई मात्र मोकळेपणानं हसले. मोटरीवर फडकं टाकून उभे राहिले.

"येतो. पन एक मागनं हाय. साहेबाईनं तुमाले भरलेले दोन बंधारे दाखवले ना? जेवल्यावर खालच्या वस्तीची विहीर पाहायले चला. थे या साहेबाईच्या कार्यक्रमात नाही, कोरडी हाय म्हनून."

मला ते अपेक्षित नव्हतं. नंतर कळलं तेव्हा गावंडे साहेबही दचकले. त्यांना वाटत होतं, कोरडी विहीर दाखवली की काम अपुरं दिसेल आणि आपल्या तोंडाला काळं फासलं जाईल. सादिकभाईंना उलट वाटलं. जिथं पाणी नाही तेच दाखवलं पाहिजे, नाहीतर तिसरा बंधारा कशासाठी?

आम्ही तिघं परत आलो. पेला सरळ झाला, पान भरलं, आणि सगळी ओळ एकदम जेवायला लागली. मार्था बाईंनी दोन रोडगे खाल्ले. सादिकभाई समोरून म्हणाले, "काकू, वरन दे ना इकडं." काकूंनी त्यांना वाढलं. वाढताना पुटपुटल्या, "तोंड हाय का भोंगा." मी याचं भाषांतर केलं नाही. ते बैठकीत बोललं गेलं नव्हतं.

दुपारी मार्था बाई खालच्या विहिरीत डोकावल्या. तळाला चिखल होता आणि त्यात एक फुटकी बादली. त्यांनी फारसं विचारलं नाही. हंडे घेऊन वरच्या आळीला निघालेल्या बायांच्या मागोमाग चालत गेल्या आणि तशाच परत आल्या. गावंडे साहेब एका झाडाखाली उभे राहून घाम पुसत होते.

तिसरा बंधारा मंजूर झाला. मंजुरीच्या पत्रात, खालच्या विहिरीची पाहणी केल्यामुळे गरज पटली, असं लिहिलं होतं. गावंडे साहेबांनी मला फोन करून ते वाचून दाखवलं, दोन वेळा. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं असतं तर?" असं विचारलं. मी म्हटलं, तर माझं बिल तेवढंच आलं असतं.

पहिलं पाणी अडलं तेव्हा मला जेवायचं बोलावणं आलं. या वेळी गोवऱ्यांवर फुंकर मारायला गावंडे साहेब स्वतः बसले होते, डोळे चोळत. सुशीलाकाकूंनी मला विहिरीपाशी नेलं. दोर सोडला, बादली भरून वर ओढली आणि माझ्या पायांवर ओतली. मला रडू आलं. या कामात असं फार वेळा होत नाही.

धडा काय म्हणाल, तर वाटाघाटी जेवणाआधी ठेवाव्यात. आणि पान वाढून झालेलं असावं.

सादिकभाईंचं मत बदललेलं नाही. देशानं बाहेर पडावं, असं ते अजून म्हणतात आणि काकू अजून त्यांना झापतात. पंगतीत ते माझ्या शेजारी बसले होते.

"ताई, त्या मोठ्या देशाचं काय झालं? आला का वापस?"

"नाही अजून."

त्यांनी रोडगा फोडला, मधोमध तूप सोडलं. "मंग बाईले सांगा, त्याचं पान मांडून ठेवा म्हना. अन् कोनीतरी जा म्हना बोलवायले."

घरी आल्यावर मी हे मार्था बाईंना कळवलं. एक शब्दही गाळला नाही.